प्रवचन झालं की उठायचं

पुण्यात एक समज घट्ट बसलेला आहे. चर्चमध्ये गेलं, डोक्यावर पाणी पडलं, माणूस बाटला. अमेरिकेत एखाद्या रविवारी मिस्साला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या उपासनेला, बसलात तर हा समज अर्ध्या तासात मोडतो. बायबलची वाचनं होतात, फादरचं प्रवचन होतं आणि मग चार-सहा मोठी माणसं पुढे बोलावली जातात. फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि ती एका शिक्षिकेमागून सरळ बाहेर पडतात. मिस्साचा उरलेला भाग त्यांच्यासाठी नसतो. ही माणसं कोण, तर ज्यांना कॅथलिक व्हायचंय ती.

म्हणजे पंगत मांडायची आणि नेमकं वाढायच्या वेळी पाहुण्याला उठवायचं. मराठी माणसाला हे बघवत नाही, कारण कोणाला पंगतीत घ्यायचं आणि कोणाला नाही याचा आपला इतिहास काही मिरवण्यासारखा नाही. सारसबागेत गणपतीपुढे हात पसरला तर प्रसाद मिळतो, कोणी दाखला मागत नाही, हे मात्र अभिमानाने सांगावंसं वाटतं. चर्चमध्ये मात्र ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सात मिळणारी पवित्र भाकर, फक्त कॅथलिकांनाच, आणि तेही तासभर आधीपासून पाणी-औषध सोडून पोटात काही न घालता. ज्याला ते घेता येणार नाही त्याला नुसतं बघत बसवू नये, म्हणून बाहेर नेतात. शेजारच्या खोलीत त्याच दिवसाच्या वाचनावर बोलणं चालतं. माणसाची भूक वाढू द्यायची, असा सगळा हिशेब. बऱ्याच पॅरिशांनी, म्हणजे स्थानिक चर्चांनी, गैरसोय होते म्हणून ही प्रथा सोडून दिली आहे. ते चुकलं असं माझं स्पष्ट मत आहे. आयतं सगळं मिळालं की त्याचं काय होतं, ते आपण इतर ठिकाणी बघतोच.

कॅथलिक होण्याच्या या शिक्षणाला, म्हणजे मोठ्या माणसांच्या ख्रिस्ती दीक्षेला, परवापर्यंत आरसीआयए म्हणायचे. २०२५ च्या राखेच्या बुधवारपासून (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) अमेरिकेत ओसीआयए म्हणतात. मूळ विधी रोमने १९७२ साली घालून दिला. तो जगभर तोच, त्यामुळे क्वार्टर गेटच्या सिटी चर्चात काही निराळं चालत असेल असं समजू नका. आधी नुसती विचारपूस, तीत कोणी कोणाला बांधलेलं नसतं. मग दारात स्वीकाराचा विधी, कपाळावर क्रूसाची खूण. इथून माणूस दीक्षार्थी. या टप्प्यावर तो वारला तरी त्याला ख्रिस्ती अंत्यसंस्कार मिळतो. पुढे आठवड्याला दीड-दोन तासांचा वर्ग. नियम वर्षभराचा असला तरी बरेच पॅरिश सप्टेंबर ते ईस्टर एवढ्यात उरकतात.

उपवासकाळाच्या सुरुवातीला सगळ्यांना बिशपसमोर कॅथीड्रलमध्ये, म्हणजे त्याच्या मुख्य चर्चमध्ये, नेतात आणि नावं वहीत नोंदवतात. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी अंतःकरणशुद्धीची प्रार्थना. त्या दिवशीची वाचनं ठरलेली: विहिरीवरची शोमरोनी बाई, दृष्टी मिळालेला जन्मांध आणि मेलेला उठलेला लाजरस.

अडतं ते लग्नापाशी. आपल्याकडच्यांना पहिला धक्का असा की सप्तपदीने झालेलं लग्न चर्च खरं मानतं. नवरा-बायकोपैकी एकाने बाप्तिस्मा घेतला म्हणून पुन्हा लग्न लावावं लागत नाही. पण याची दुसरी बाजू आहे. लग्न खरं, म्हणून शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाचा घटस्फोट चर्चला पुरत नाही. घटस्फोटित एकटाच राहत असेल तर अडचण नाही, त्याला बाप्तिस्मा मिळतो. दुसरं लग्न झालेलं असेल, किंवा सध्याच्या जोडीदाराचं आधी एक झालेलं असेल, तर आधीचं लग्न ग्राह्य होतं का हे ठरवायला चर्चच्या न्यायासनाकडे जावं लागतं. लग्नाचा दाखला, हुकूमनाम्याची प्रत, मराठी कागदांची भाषांतरं, साक्षीदारांची नावं, लांबलचक प्रश्नावली. दोघंही लग्नाच्या वेळी बाप्तिस्मा न झालेले असतील तर ते लग्न सोडवायची पॉलाइन विशेषाधिकार नावाची वेगळी वाट असते. तिच्यात आधीच्या जोडीदाराला विचारणा जाते, आणि तो पुण्यात बसून उत्तरच देत नसेल तर महिने जातात. लोक ही गोष्ट संकोचाने मार्चपर्यंत दाबून ठेवतात आणि मग ईस्टरचा बाप्तिस्मा हुकतो. पहिल्या भेटीतच सांगावी.

धर्मपिता किंवा धर्ममाता एक पुरे. सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा तेलाचा संस्कार) झालेले, कॅथलिक, आणि स्वतःचे आईवडील नकोत. तुमचा सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे प्रोटेस्टंट) मावसभाऊ कितीही भाविक असो, तो फक्त साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो. तोच उद्या कॅथलिक व्हायला आला तर त्याला पुन्हा पाण्यात घालत नाहीत. त्याचा जुना बाप्तिस्मा ग्राह्य, त्याने आधी पापनिवेदन करायचं. बाप्तिस्माच न झालेल्याला ते लागत नाही, पाण्यातच सगळं धुतलं जातं.

नाव बदलायची सक्ती नाही, हे आत्याबाईंना आवर्जून सांगा.

ईस्टरच्या आदल्या शनिवारी, अंधार पडल्यावर, बाहेर शेकोटी पेटवून विधी सुरू होतो. जुन्या करारातली सात वाचनं, कमी केली तरी समुद्र दुभंगल्याचं वाचन गाळता येत नाही. अडीच-तीन तास सहज. पाणी तीनदा ओततात किंवा तीनदा बुडवतात, म्हणून टॉवेल आणि कोरडे कपडे बरोबर हवेत. शब्दांत हयगय चालत नाही. ‘मी तुला’ऐवजी ‘आम्ही तुला’ म्हटलेला बाप्तिस्मा फुकट, असं व्हॅटिकनने ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर केलं आणि अमेरिकेत कित्येकांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. पांढरं वस्त्र, मेणबत्ती, सुगंधी तेलाने दृढीकरण, आणि शेवटी ते जेवण, ज्याच्या आधी इतके महिने उठवलं गेलं.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला (तो अँग्लिकन), त्याचं पुण्यात अजून बोलतात. घरापासून लांब राहणाऱ्याला रविवारी कुठेतरी जावंसं वाटतं, यात एवढं डोळे मोठे करण्यासारखं काही नाही. कायद्याचं मात्र बघून ठेवावं. धर्मांतर हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण आहे. वारसा धर्मांतर करणाऱ्याचा जात नाही, पण त्यानंतर झालेल्या मुलांना हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेत हक्क राहत नाही, वारसा खुला होताना, म्हणजे तो नातेवाईक वारताना, ती हिंदू असतील तरच राहतो. आणि १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झाल्यावर संपतो.

बाप्तिस्म्याची नोंद ज्या पॅरिशमध्ये झाली तिथेच कायम राहते. पुढे लग्न लागलं की तेही त्याच वहीत त्या नोंदीशेजारी लिहिलं जातं. म्हणून उद्या पुण्याच्या चर्चात लग्न करायचं ठरलं तर घरातला जुना दाखला चालणार नाही, अमेरिकेतल्या त्याच पॅरिशकडून ताजा मागवावा लागेल. तिथल्या ऑफिसचा ईमेल आत्ताच लिहून ठेवा.