मामा तलावातली लाल पिल्लं

गोंदियाहून बल्लारपूरकडे जाणारी गाडी सौंदड सोडते आणि खिडकीबाहेर धानाचे बांध, मोहाची झाडं आणि तलाव आलटून पालटून दिसू लागतात. श्रावण लागला होता. रोवणी उरकत आलेली. गुडघाभर चिखलात ओळीनं वाकलेल्या बाया आणि बांधावर पऱ्ह्यांच्या जुड्या. अर्जुनी-मोरगावला उतरलो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता.

मला नवेगावबांध पाहायचं नव्हतं असं नाही. कोलू पाटील कोहळीनं बांधलेला तो तलाव, त्याच्या भोवतीचे डोंगर, हे सगळं पाहून झालं. पण यंदा आलो होतो एका लहान तलावासाठी. या भागात त्याला मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. मालगुजार म्हणजे गावाचा सारा वसूल करणारे जमीनदार. जो तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन, या गोंड राजांच्या शब्दावर कोहळी समाजातल्या लोकांनी दोन-तीनशे वर्षांपूर्वी असे हजारो तलाव खोदले. 1951 च्या सुमाराला मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि पाळ (तलावाचा बांध), तुडूम (पाणी सोडायची मोरी), सलंग (जादा पाण्याचा सांडवा) यांची गावानं करायची देखभाल हळूहळू कुणाचीच राहिली नाही.

धीवरांचं, म्हणजे इथल्या मासेमार समाजाचं, पोट मात्र या पाण्यावरच होतं.

पाळीवर चढलो तर समोर पांढऱ्या कुमुदिनी. इथल्या मच्छीमार संस्थेच्या काकांनी सांगितलं, काही वर्षांपूर्वी इथं पाणी दिसत नव्हतं, नुसती बेशरम. ती जांभळट फुलांची, गुरं तोंड न लावणारी, कुठंही फोफावणारी बेशरम. तिचा तोडलेला तुकडा ओल्या चिखलात पडला तरी मूळ धरतो. म्हणून उन्हाळ्यात तलाव आटल्यावर मुळासकट उपटायची आणि पाण्यापासून लांब नेऊन वाळवायची. किती दिवस लागले असतील, मी विचारलं. काका नुसते हसले आणि तळवे दाखवले.

पण उपटणं हे अर्धंच काम. तलाव स्वच्छ झाला म्हणून मासा येत नाही. त्याला अंडी चिकटवायला, पिल्लांना लपायला, खायला पाण्यातलं गवत लागतं. बाहेरून आणून सोडलेले रोहू-कटला या साचलेल्या पाण्यात वीण घालत नाहीत, दरवर्षी बीज विकत आणावं लागतं. आणि गवत्या मासा तर उरलंसुरलं गवतही चरून टाकतो. देशी मासा इथलाच, इथंच वाढणारा. त्याच्यासाठी हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया, कुमुदिनी, देवधान असं सगळं शेजारच्या चांगल्या तलावांतून आणून पावसाच्या तोंडावर लावावं लागतं.

कुठलं गवत किती खोल पाण्यात लावायचं, हे कुणी सांगितलं? तर बायांनी. तलावात उतरून कंद काढणाऱ्या, मासे वेचणाऱ्या धीवर बायांनी. मला ही गोष्ट सगळ्यांत मोठी वाटते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मनीष राजनकरांनी कित्येक वर्षं या लोकांकडून हे ज्ञान ऐकलं, लिहून घेतलं आणि त्यांच्यासोबत कामाला उभे राहिले. म्हणजे जाणणारे आणि कागद चालवणारे एकमेकांपर्यंत पोचले. मच्छीमार संस्था, बायांचे गट, ग्रामपंचायत, अभ्यासक. यांतला एक जरी गळला असता तरी गाडं अडलं असतं. शेतकऱ्यांशी बोलणं सगळ्यांत अवघड. धानाला शेवटचं पाणी हवं असतं तेव्हाच मासोळीलाही ते हवं असतं. तुडूम कधी बंद करायचं, यावर गावात अजूनही आवाज चढतात, असं एका बाईनं न लपवता सांगितलं. मला ते बरं वाटलं. पाण्यावर भांडण आहे, म्हणजे पाणी कुणाचं तरी आहे.

दुपारी डोंग्यात बसलो. काकांनी वल्हं उचललं आणि बोट दाखवलं.

"थे लाल लाल दिसते ना जी? मरळचे पिल्लं."

पाण्याच्या वरच्या थरात शेंदरासारखा एक गोळा थरथरत होता. शेकडो पिल्लं. क्षणाला फुटायचा, पुन्हा जुळायचा. खाली काळपट सावली फिरत होती. मरळचे आईबाप पिल्लांची राखण करतात, हे मी वाचलं होतं, बघितलं नव्हतं. त्या वेळी गळ टाकला तर मोठा मासा हमखास लागतो, कारण तो पिल्लांजवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतो. आणि तो गेला की पिल्लं दुसऱ्या माशांच्या तोंडी.

"आता हात नोको लावू म्हून पोरायले सांगून ठेवलो," काका म्हणाले.

काठावर दोन पोरं गळ घेऊन बसली होती. काकांनी हाक मारली, "तिकडच्या कोपऱ्यात जा रे, इथं नाही!" पोरं काही न बोलता उठली आणि पाळीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

आमचा डोंगा बराच वेळ तिथंच होता. काकांनी वल्हं मांडीवर ठेवलं होतं.