तिसरा रविवार, १४ वी बैठक

आज आमच्या बोर्डगेम कट्ट्याची १४ वी बैठक झाली. दर महिन्याचा तिसरा रविवार, कोथरूडमधला एक सोसायटीचा हॉल, चार ते आठ. पाऊस असा होता की पाचपर्यंत आम्ही तिघंच. पोटात गोळा आला होता. मग छत्र्या निथळत एकेक जण येत गेला आणि सातला चारही टेबलं भरली.

एवढ्या महिन्यांत एक गोष्ट पक्की कळलीय. नवीन माणसाला पहिल्याच दिवशी ‘कटान’ या गावं वसवायच्या खेळाला बसवायचं नाही. १० गुण होईपर्यंत तास-दीड तास जातो, सुरुवातीची गावं चुकीच्या जागी वसली की पुढे नुसतं बघत बसावं लागतं, आणि तो माणूस परत येत नाही. त्यापेक्षा २००० साली आलेला ‘कारकासोन’ बरा. फ्रान्समधल्या तटबंदीच्या शहराचं नाव, ७२ चौकोनी तुकडे. एक उचलायचा, जुळवून लावायचा, तुकड्यांवरची शहरं-रस्ते पुरे करत जायचे. नियम खेळता खेळता कळतात.

आज नातवाला सोडायला आलेल्या एक आजी दाराशीच थांबल्या होत्या.

“आजी, बसा ना तुम्हीपण.”

“अरे, मला कुठलं जमतंय हे!”

दहा मिनिटांत त्या नातवाला सांगत होत्या, “तिथे नको लावूस, त्याचं शहर पुरं होईल!”

निघताना हळूच विचारलं, पुढच्या वेळी सागरगोटे आणले तर चालतील का. मला भरूनच आलं. खिडकीजवळची जागा त्यांच्यासाठी ठेवली आहे. कुणाकडे जास्तीची सतरंजी असेल तर कळवा.