दिवाडीचा चिकटणारा डी अखेर सुटला

सुटला एकदाचा! गोव्यातल्या दिवाडी बेटावरच्या एका आंटीच्या पियानोतला, मधल्या सी च्या शेजारचा तो डी, ज्याच्याबद्दल जूनपासून इथे लिहितोय, तीन आठवडे झाले दाबला की लगेच वर येतोय. चवथीच्या धामधुमीत लिहायचं राहून गेलं.

मागे म्हटलं होतं तसं यंदापासून ट्यूनिंगला गेलो की शेवटचा पाऊण तास किरकोळ कामांना ठेवतो. स्टुलाचे बोल्ट आवळायचे, पेडलची करकर घालवायची, सैल झालेले फ्लँजचे (आतल्या सांध्यांचे) स्क्रू बघायचे, कीजखालचा कचरा व्हॅक्यूमने काढायचा. दिवाडीच्या त्या आंटीकडे कचऱ्यात १९५९ चं ६० सेंतावोसचं पोर्तुगीज नाणं निघालं, गोवा मुक्तीच्या आधीचं. त्यांनी ते पदराने पुसून देव्हाऱ्याजवळ ठेवलं, आणि मला त्या दिवशी ट्यूनिंगपेक्षा त्या नाण्याचाच जास्त आनंद झाला.

पण डी. पहिल्या खेपेला वाटलं पुढचं बुशिंग, म्हणजे की च्या भोकातलं कापडी अस्तर, फुगलंय, पावसात दुसरं काय असणार, म्हणून की-ईझिंग प्लायर्सने हलकं दाबलं, मस्त चालायला लागला, मी फेरी पकडून परत. आठवड्यात फोन, "पुता, परत चिकटलो मरे!" दुसऱ्या खेपेला बॅलन्स रेलचं, म्हणजे की मधोमध जिथे तोललेली असते तिथलं, भोक बघितलं, तेही जरा मोकळं केलं, पिना पॉलिश केल्या. पुन्हा चालला. पुन्हा फोन. तिसऱ्या खेपेला थेट अ‍ॅक्शन (आतली हातोड्यांची यंत्रणा) बाहेर काढून हॅमर आणि त्याला ढकलणारा व्हिपन यांच्या सांध्यातल्या सेंटर पिना तपासल्या, दोन्ही मोकळे झुलत होते, तरी मनाच्या समाधानासाठी प्रोटेक वंगणाचा एकेक थेंब सोडला. आणि आता शेजारचा ई पण जड! त्या रात्री घरी फोंड्याला येईपर्यंत डोक्यात तेच.

बोंदेराच्या, म्हणजे दिवाडीच्या ऑगस्टातल्या झेंड्यांच्या उत्सवाच्या, आदल्या शनिवारी चौथी खेप. पोचलो आणि वीज गेली. काही उघडायच्या आधी नुसता बसून होतो, मोबाइलचा टॉर्च लावून कीजवर आडवा ठेवलेला. तर कीजची पुढची टोकं आणि समोरची लांब पट्टी, म्हणजे की-स्लिप, यांच्या फटीत दोन्ही टोकांना उजेड उतरत होता आणि मधे, बरोबर डी-ई-एफ च्या समोर, काळोख. पट्टी दमटपणाने आत वाकलेली! खालून मधला स्क्रू अर्धा फेरा सैल केला तर डी टुणकन वर आला.

लक्षात आलं ना काय होत होतं? कुठलीही की बाहेर काढायची तर फॉलबोर्ड (कीजवरचं झाकण) आणि की-स्लिप आधी काढायलाच लागतात. म्हणजे दर वेळी तपासायच्या आधीच मी दुखणं काढून बाजूला ठेवत होतो, आणि जाताना परत घट्ट आवळून बसवत होतो. पट्टी रंधायची अजिबात नाही, डिसेंबरात लाकूड आटलं की ती आपोआप मागे जाईल. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या दोन पट्ट्या कापून स्क्रूपाशी पट्टीच्या मागे घातल्या, झालं. आता माझा नियम, स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी कीज आणि पट्टीच्या मधून कागदाचा तुकडा पूर्ण फिरवून बघायचा.

दुःख एकच. उगाच दाबून मोकळं केल्याने डी चं बुशिंग आता ढिलं झालंय, ती की आजूबाजूला हलते आणि टकटक वाजते. ते माझ्या हातून झालंय, मीच बदलून देणार. ऑनलाइन मागवलेलं बुशिंग क्लॉथ म्हणजे साधं क्राफ्ट फेल्ट निघालं, बोटात चोळलं की धागे सुटतात. विणलेलं लोकरी कापडच हवं, महाग पडलं तरी. आणि चिकटवायला सरसच, पांढरा गोंद नको, पुढच्या माणसाला वाफेवर काढता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट, जुलैत ४४० हर्ट्झला (ए चा प्रमाण सूर) लावलेला हाच पियानो त्या शनिवारी मोजला तर टेनर ब्रेकच्या, म्हणजे बासच्या तारा संपतात तिथून, वर १० सेंट (अर्ध्या सुराचा दहावा भाग) चढलेला आणि बास जवळपास जागच्या जागी. साउंडबोर्ड, म्हणजे तारांमागची लाकडी फळी, फुगला की हे होणारच. मग जून ते सप्टेंबर आपण ट्यूनिंग करतोच कशाला? विचार असा होता की दर खेपेला दोन्ही कामं करायची, पण हे टाइप करता करताच ठरवतोय की पावसाळ्यात फक्त किरकोळ कामांची फेरी ठेवायची आणि ट्यूनिंग हवा कोरडी झाल्यावर नोव्हेंबरच्या शेवटी, नाहीतरी सगळ्यांना नाताळाआधीच हवं असतं. आणि हो, झाकणाच्या आतून एक कार्ड चिकटवायचं, त्या दिवशीचा दमटपणा, पिच, आणि कागद कुठे घातलाय ते लिहून, नाहीतर नाताळात ते काढायचं मीच विसरेन.

रविवारी परत दिवाडीला जातोय. फ्रंट रेलच्या पिनेला, म्हणजे की च्या पुढच्या टोकाखालच्या पिनेभोवतीच्या त्या बुशिंगला, १.२ मिमी जाडीचं कापड घेऊ की १.३, कुणी बसवलं असेल तर शनिवारपर्यंत सांगा.