आमची वाटचाल : चांदीचा बाथ आणि आम्ही

ओल्या प्लेटचे काम, म्हणजे काचेवर कोलोडियन या चिकट, ईथरयुक्त द्रावणाचा थर ओतून, ती चांदीच्या बाथमध्ये (सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात) बुडवून, ओली असतानाच फोटो काढण्याचे जुने काम, आमच्या घरात छंद म्हणून आलेले नाही. ते धंदा म्हणून आले आणि धंदा म्हणूनच टिकले, हे आधीच नमूद करतो. पुण्यात नारायण पेठेत आजोबांचा छपाईच्या ब्लॉकचा कारखाना होता. मासिकांतली चित्रे, लग्नपत्रिकांवरचे गणपती, औषधांच्या बाटल्यांची लेबले या सगळ्यांचे झिंकचे ब्लॉक तिथे तयार होत, आणि त्यासाठी लागणाऱ्या निगेटिव्ह कोलोडियनच्या ओल्या काचेवरच काढल्या जात, कारण रेघ काटेकोर मिळे आणि खर्चही कमी पडे. ऑफसेट छपाई आल्यावर १९८८ साली कारखान्याला कुलूप लागले. काचेच्या दोन टाक्या, एक डिपर (काच द्रावणात बुडवायचे साधन) आणि आजोबांची पाककृतींची वही माळ्यावर गेली.

२०१२ साली मी ती वही खाली काढली, तेव्हा कारखान्यातले जुने कॅमेरामन, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, ते ७८ वर्षांचे होते. वहीत प्रमाणे होती, हात नव्हता. तो मामांनी दिला. काच डाव्या हाताच्या बोटांवर तोलून धरायची, मध्यभागी कोलोडियनचे तळे करायचे, ते न थांबता एकेका कोपऱ्यापर्यंत न्यायचे आणि शेवटच्या कोपऱ्यातून उरलेले बाटलीत परत घ्यायचे, एवढे शिकायला मला सात महिने लागले. पहिले दोन महिने त्यांनी मला कोलोडियनला हातच लावू दिला नाही. खडूची पूड आणि स्पिरिट घेऊन काचा पुसायला लावल्या आणि कडांना अंड्याचा पांढरा बलक लावायला शिकवले, म्हणजे धुताना थर सुटत नाही. आज शिकायला येणाऱ्यांना ओतण्याची घाई असते. त्यांना मी सांगतो की डाग पडलेल्या दहा प्लेटपैकी सहा पुसण्यात बिघडलेल्या असतात.

२०१३ साली स्टुडिओ सुरू झाला आणि त्याच वर्षी मिरजेहून एक सतारमेकर आले. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली की त्याच आठवड्यात पुण्यास येऊन त्या वर्षीच्या सतारीसह एक प्लेट काढून न्यायची, हा त्यांचा नेम तेव्हापासून चुकलेला नाही. पहिल्या प्लेटवर त्यांनी बोट ठेवून सांगितले, की सतार डावखुऱ्याची दिसते आहे. ते बरोबरच होते, कारण या प्लेटवर चित्र आरशासारखे उलटे येते. तेव्हापासून त्यांच्यासाठी मी पारदर्शक काच वापरतो आणि काळा कागद कोलोडियनच्या बाजूने लावतो, म्हणजे काचेतून पाहताना सतार सुलट दिसते. एका वर्षी सौभाग्यवतींनाही त्यांनी सोबत आणले. कोलोडियनला निळा प्रकाश दिसतो, तांबडा जवळजवळ दिसतच नाही, त्यामुळे बाईंचे आकाशी पातळ पांढरे आले, तर कपाळावरचे कुंकू आणि मागचे झेंडूचे तोरण काळे झाले. मला वाटले, नाराज होतील. त्या प्लेटकडे बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या आजेसासूबाईंचा फोटो असाच आहे.’’

आता २०१७ सालाविषयी सविस्तर लिहिले पाहिजे. तेव्हा माझ्याबरोबर एक भागीदार होते. त्यांचा हात चांगला होता, हे मी आजही मान्य करतो. एका जुन्या संस्थेच्या अमृतमहोत्सवासाठी ३२ सभासदांच्या प्लेटचे काम आम्हाला मिळाले होते, आगाऊ रक्कमही घेतली होती. ऐन एप्रिलमध्ये काम सुरू झाले. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळते, म्हणून पुण्याच्या उन्हाळ्यात आम्ही पहाटे सहा ते साडेनऊ एवढेच काम करतो. त्यानंतर थर ओतता ओतताच वाळतो. ही शिस्त त्यांना जाचक वाटे. मी तीन दिवस बाहेरगावी असताना त्यांनी भर दुपारी प्लेट काढल्या, बाथची पातळी उतरली म्हणून नळाचे पाणी भरले, आणि हायपोत, म्हणजे चित्र पक्के करणाऱ्या फिक्सरमध्ये, ठेवलेला डिपर न धुता बाथमध्ये बुडवला. नळाच्या पाण्याने बाथ दुधाळ होतो, ते निदान गाळून सुधारता येते. हायपोला क्षमा नाही. मी परतलो तेव्हा टाकीच्या तळाशी तपकिरी काळी कणी बसली होती आणि प्रत्येक प्लेट धुक्याने भरून येत होती. काय झाले, हे विचारल्यावर मला दोन आठवडे सांगितलेच गेले नाही. त्या दोन आठवड्यांत मी सोडा घालून बाथ उन्हात ठेवला, गाळला, नायट्रिक आम्लाचे थेंब मोजून घातले, कोलोडियन बदलले, चित्र उमटवणारा डेव्हलपर बदलला आणि शेवटी स्वतःच्या हातावर संशय घेतला.

चार लिटरच्या बाथमध्ये ३६० ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट होते. मीठ घालून चांदी खाली बसवली. दह्यासारखा पांढरा साका खिडकीच्या उजेडात बघता बघता जांभळा पडला. तो वाळवून रविवार पेठेत चांदी गाळणाऱ्याकडे दिला आणि जे आले त्यातून संस्थेची अर्धी रक्कम परत केली, उरलेली पत्नीच्या बांगड्यांवर. भागीदार निघून गेले, आणि ते काम त्यांनीच पूर्ण केले. मोबाइलवर काढलेले फोटो काळ्या ॲक्रिलिकवर छापून ‘गुप्त कृतीने केलेल्या ओल्या प्लेट’ म्हणून दिले. मला राग त्या ‘गुप्त’ शब्दाचा येतो. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ही कृती १८५१ साली लंडनच्या ‘द केमिस्ट’ मासिकात सर्वांसाठी छापली, पेटंट घेतले नाही आणि १८५७ साली ते गरिबीत वारले. आमच्या मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. ज्या कृतीची मालकी तिच्या जनकाने मागितली नाही, तिच्यावर कुलूप लावून कोणी पैसे मिळवावेत, हे मला सहन होत नाही.

नवा बाथ दोन लिटरचा केला. त्या दसऱ्याला मिरजेहून सतारमेकर आले, त्यांनी पुढच्या पाच वर्षांच्या प्लेटचे पैसे समोर ठेवले आणि पावती घेतली नाही. त्यानंतरची वर्षे सुरळीत गेली.

नव्याने शिकणाऱ्यांना काही गोष्टी सांगतो. संरक्षक चष्म्याशिवाय बाथजवळ उभे राहू नका. सिल्व्हर नायट्रेटचा एक थेंब डोळा घालवू शकतो. जुन्या पुस्तकांत फिक्सिंगसाठी पोटॅशियम सायनाइड सांगितलेले असते, ते घरात आणू नका. हायपो थोडा सावकाश काम करतो, पण आम्ही त्यावरच आहोत. ईथरची बाटली घरच्या फ्रिजमध्ये कधीही ठेवू नका, आतल्या ठिणगीने भडका होतो. बाथचा डिपर आणि फिक्सरचा डिपर वेगवेगळ्या रंगांचे ठेवा, आमच्याकडे बाथच्या डिपरला लाल दोरा बांधलेला असतो.

शिकवणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात, एका वेळी दोघांचीच असते. अंगावर जुने सुती कपडे असावेत, कारण चांदीचे डाग निघत नाहीत. पहिला आठवडा काचा पुसण्याचा असतो.