शिफारसपत्र, मिरजेची गाडी आणि १२,३६७ पदं

परवा थर्ड इयरची एक मुलगी स्टाफरूमच्या दारात घुटमळत होती. "मॅडम, शिफारसपत्रात नेमकं काय लिहायचं असतं?" म्हटलं, अगं, ते तू नाही, मी लिहायचं असतं. तिनं सुटकेचा श्वास टाकला. चार दिवस बिचारी स्वतःचं कौतुक स्वतःच लिहीत बसली होती.

फॉर्म होता उन्हाळी संशोधन फेलोशिपचा. बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, दिल्लीची इन्सा आणि प्रयागराजची नासी या तीन विज्ञान अकादम्या मिळून ती देतात. उन्हाळ्यात दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करायचं. विद्यावेतन मिळतं, जाण्यायेण्याचं भाडंही मिळतं. अर्ज नोव्हेंबरात भरायचा, म्हणजे आमच्याकडे दिवाळीची सुट्टी संपून पोरं अजून धड वर्गात आलेली नसतात तेव्हा. निम्मी मुलं तिथंच गळतात.

मी स्वतः अशीच गळले होते. मी बी.एस्सी. केली ते कॉलेज तालुक्याच्या गावातलं, नाव सांगत नाही. तिथं अशा एका शिबिराचं पत्रक बोर्डावर लागलं ते अर्जाची मुदत संपून नऊ दिवस झाल्यावर. तोवर ते ऑफिसात कुठल्याशा फायलीखाली निवांत पडलं होतं. शिपाईमामांनी मात्र चारी कोपऱ्यांना टाचण्या मारून ते नीट लावलं.

एम.एस्सी.ला कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आले. 'कमवा आणि शिका'त नाव घातलं आणि काम मिळालं ते खर्डेकर ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं रॅकवर लावायचं. माझं निम्मं गणित त्या रॅकांपाशी उभ्यानं वाचून झालंय. पुस्तक जागेवर ठेवायच्या आधी दोन पानं चाळायची, एवढी चोरी चालायची. खिडकीबाहेर मोर ओरडत असायचे. पहिल्या आठवड्यात कौतुक वाटलं, नंतर परीक्षेच्या दिवसांत त्यांचा वैताग यायला लागला.

विभागातल्या एका मॅडमनी एमटीटीएसचा फॉर्म हातात ठेवला आणि म्हणाल्या, "भर, आणि उद्या मला दाखव." एवढंच. विचार कर, घरी विचार, असलं काही नाही. एमटीटीएस म्हणजे गणिताचं उन्हाळी शिबिर. प्रा. कुमरेसन यांनी १९९३ साली सुरू केलेलं. राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या पैशांवर चालतं. चार आठवडे राहणं-जेवण फुकट. पदवीच्या दुसऱ्या वर्षापासून अर्ज करता येतो, हे मला एम.एस्सी.ला कळलं.

घरी सांगितलं तर अण्णा म्हणाले, "परीक्षा झाली की नव्हं? मग आता कसली शाळा?" आज्जीची शंका जास्त व्यवहारी होती: "महिनाभर फुकट जेवायला घालत्यात? का म्हणून?" याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. शेवटी अण्णा मिरजेपर्यंत सोडायला आले, गाडी हलेपर्यंत फलाटावर उभे राहिले आणि खिडकीतून एक पिशवी दिली. पिशवीत भडंग, आणि ते कधी घेतलं होतं कुणास ठाऊक, एक नवं कुलूप.

शिबिरात दुसऱ्या दिवशी मला फळ्यापाशी बोलावलं. सिक्वेन्स (ओळीनं येणारे आकडे, म्हणजे पदं) एखाद्या आकड्याकडे कन्व्हर्ज होते म्हणजे काय? मी एका दमात म्हणून दाखवलं: एप्सिलॉन हे अंतर कितीही लहान घेतलं तरी त्याच्यासाठी एक एन सापडतो, आणि एनव्या पदापासून पुढची सगळी पदं त्या आकड्यापासून एप्सिलॉनच्या आत असतात. विद्यापीठात त्याला पूर्ण मार्क पडायचे. सर म्हणाले, छान, आता 'ही सिक्वेन्स शून्याकडे कन्व्हर्ज होत नाही' हे लिही. मी लिहिलं: कुठलाही एप्सिलॉन घेतला तरी त्याच्यासाठी एन सापडत नाही. चूक आहे असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "०, १, ०, १... ही शून्याकडे जाते?" नाही, सर. "मग एप्सिलॉन २ घे." मी घेतला आणि खडू हातातच राहिला. सगळीच पदं शून्यापासून २ च्या आत! म्हणजे एन सापडला, पहिल्याच पदापासून, आणि सिक्वेन्स तर शून्याकडे जात नाहीच. माझं वाक्य माझ्याच डोळ्यांदेखत पडलं.

ते गप्प उभे राहिले. पाच मिनिटं असतील, मला पाऊण तास वाटला. मागच्या बाकावरून कुणीतरी उत्तर सांगायला लागलं, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मग मला आमची गावची एसटी आठवली. 'सगळ्या गाड्या वेळेवर येतात' हे खोटं पाडायला एकही गाडी वेळेवर यायला नको असं थोडंच आहे? एक उशिरा आली की झालं. तसं इथं: एकच एप्सिलॉन पुरे, अर्धा घ्या. मग कितीही पुढं जा, त्याच्यापुढं शून्यापासून अर्ध्याहून लांबचं पद सापडतंच. मी हे मराठी-हिंदी-इंग्रजीच्या खिचडीत सांगितलं. सर म्हणाले, "बस लेट है, good." त्यानंतर महिनाभर माझं नाव 'बस लेट' पडलं.

बी.एस्सी.ची तीन वर्षं ती व्याख्या मी पाठ म्हणत होते. हे लिहायला आजही जरा ओशाळल्यासारखं होतं.

पुढच्या वर्षी 'आविष्कार'मध्ये पोस्टर लावलं. ही राज्यातल्या विद्यापीठांची संशोधन स्पर्धा. आधी जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य. मी जिल्ह्यालाच परतले. परीक्षकांनी पोस्टरवरून नजर फिरवून विचारलं, "यात तुझं काय?" माझं फक्त लॅमिनेशन होतं. दुखलं, पण प्रश्न रास्त होता.

तोच प्रश्न मी आता त्या मुलीला विचारला, जरा मऊ आवाजात. फेलोशिपला दीडशे ते अडीचशे शब्दांत लिहून द्यायचं असतं की तुम्हाला काय करायचंय. तिनं सुरुवात केली होती, 'मला लहानपणापासून गणिताची आवड आहे.' सगळ्यांनाच असते. ते खोडलं. म्हटलं, हल्ली कशानं डोकं खाल्लंय ते सांग. बराच वेळ नखं कुरतडून झाल्यावर म्हणाली, "एक अधिक अर्धा अधिक एक तृतीयांश... ही बेरीज वाढत वाढत कितीही मोठी होते म्हणता. पण मॅडम, ती वाढतच नाही हो!" तिनं लॅबमधल्या कॉम्प्युटरवर एक्सेलमध्ये खाली खाली ओढत नेलं होतं. बेरीज दहाच्या पुढं जायला १२,३६७ पदं लागली. वीससाठी ओळीच संपल्या, म्हणून भावाकडून चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून घेतला. तिथं आकडा २७ कोटींच्या पुढं गेला.

हे तू फॉर्ममध्ये का नाही लिहिलंस?

"हे लिहायचं असतं होय?"

शिफारसपत्रात मी तो आकडा घातला. 'अभ्यासू, शिस्तप्रिय व मनमिळाऊ' हे शब्द घातले नाहीत, त्यावर आमच्या एका सहकाऱ्यांनी जरा नाराजीही दाखवली. फॉर्म गेला. आता बेरीज तीसच्या पुढं न्यायचा तिनं पिच्छा धरलाय. रोज दुपारी लॅबमध्ये प्रोग्रॅम लावून जाते आणि पाच वाजता येऊन बघते. लॅबमधल्या त्या डबड्याला हे झेपायचं नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.