आमची वाटचाल: एका डोंगराची, एका सालाची फेणी

आमची भाटी, म्हणजे काजूची फेणी गाळायची भट्टी, गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, डोंगराच्या उतारावर. आजोबांनी काजू लावले, वडिलांनी भाटी घातली, मी बाटलीवर नाव घातले. मधली वर्षे पावणी, म्हणजे काजूच्या बागांच्या लिलावाचे पैसे, भरण्यात, हंगाम काढण्यात आणि माल व्यापाऱ्याला घालण्यात गेली. त्यांचे काय सांगायचे? सांगायचे आहे ते 2020 चे.

त्या वर्षी काजू लागला होता चांगला. मार्चच्या शेवटी सगळे बंद झाले तेव्हा आमच्या झाडांखाली बोंडूंचा सडा होता. आम्ही फळ तोडत नाही, पडलेलेच वेचतो, आणि पडलेले बोंडू कोणाची वाट बघत नाही. आमचा सगळा माल उचलणारा एकच बाटलीवाला व्यापारी होता, हंगामाआधी उचल द्यायचाही तोच. त्याने फोन घेणे बंद केले. एकदाच घेतला आणि म्हणाला, "भाटी विझवा." याच माणसाला धंद्याच्या सुरुवातीला माझ्या वडिलांनी दोन हंगाम उधारीवर माल दिला होता. ते मी विसरलेलो नाही.

भाटी विझवली नाही. गडी येऊ शकत नव्हते. मी, बायको आणि आबा, एवढेच. आबा वडिलांचे पहिल्या दिवसापासूनचे भागीदार. बोंडू चिरडायच्या मशीनचा पट्टा तुटला आणि दुरुस्तीवाला म्हापशात अडकलेला. आबांनी कोळंबी, म्हणजे बोंडू तुडवायची कातळातली जुनी कुंडी, झाडून धुतली आणि सत्तरी उलटलेला तो माणूस पायांनी बोंडू तुडवायला उतरला. चोथ्याची ढेप बांधून वर दगड ठेवला की रात्रभर थेंबथेंब नीरो गळतो, तो पोरांना प्यायला. तुडवलेला रस कोड्यांत, म्हणजे मोठ्या मडक्यांत, आंबायला. पाणी नाही, साखर नाही, यीस्ट नाही.

रस उकळायचे आमचे तांब्याचे भांडे, भाण, वडिलांच्या वेळचे. काठाला एक पोचा आहे, तो मी काढू दिला नाही. तोंड वारुळाच्या मातीने लिंपायचे, कारण ती तापून तडकत नाही. वाफ थंड होऊन दारू जमते त्या मडक्यावर, लावणीवर, गार पाणी ओतायचे काम माझे. आबा डोळे मिटून बसायचे आणि भाणाच्या आवाजावरून सांगायचे, "लाकूड ओढ." जाळ चढला की रस करपतो, तो वास शेवटपर्यंत जात नाही. पहिल्या धारेची हुर्राक चौदा-सोळा ग्रावांची; ग्राव म्हणजे दारूच्या कडकपणाचे माप. तीच आंबलेल्या रसात घालून पुन्हा काढली की एकोणीस-वीस ग्रावांची फेणी.

ती फेणी कोणी घेतली नाही. सात गराफाव, म्हणजे काचेचे मोठे बुधले, माजघरात राहिले.

ताळगावचे एक गिऱ्हाईक वडिलांच्या वेळेपासून दर मे महिन्यात आमच्याकडे येतात. जन्मभर बोटीवर बार सांभाळलेला तारवटी माणूस. दुसऱ्या वर्षी आले, 2020 ची चाखली आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग फ्रान्सची गोष्ट सांगू लागले. शांपेन प्रांतात बहुतेक घराणी वेगवेगळ्या मळ्यांची, वेगवेगळ्या सालांची वाइन एकत्र करतात, त्यातच त्यांचे कसब. पण क्रूग घराण्याचा क्लो द्यु मेनिल नावाचा एक मळा आहे, 1698 पासून भिंतीच्या आत, जेमतेम 1.84 हेक्टर. तिथली फक्त शार्दोने द्राक्षे, आणि बाटलीवर एकच साल. पहिले साल 1979. "भाऊ, तुझी बाग त्याहून मोठी आहे," ते म्हणाले. "त्यांचे बुडबुडे बाटलीत, तुझ्या फेणीच्या तर नावातच फेस. ही कशात मिसळू नकोस."

मिसळली नाही. परवाने, लेबल, बाटल्या यांत दोन वर्षे गेली. बाटलीवर डोंगराचे नाव आणि खाली 2020. ती दुकानात लागल्यावर तो व्यापारी दारात आला, उरलेला माल मागायला. दर चांगला देत होता. मी चहा दिला, माल दिला नाही. पुढच्या हंगामात त्याच्याही लेबलावर साल छापलेले दिसले, आणि आत चार गावांचा माल. काजू फेणीला भौगोलिक मानांकन 2009 मध्ये मिळाले, 2016 मध्ये सरकारने तिला वारसा पेय म्हटले. पण कोणत्या डोंगराची, कोणत्या सालाची, हे गिऱ्हाइकाने विचारल्याशिवाय कोण सांगणार?

म्हणून विचारा. फेणी घेताना बाटली हलवा, वरचे मोती लगेच फुटले तर ग्राव कमी. तळहातावर चोळून वास घ्या, बोंडूचा वास मागे राहिला पाहिजे. प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवू नका, काचेतच ठेवा. नवीन भाटी घालणाऱ्या पोरांनो, एकाच व्यापाऱ्याच्या उचलीवर हंगाम धरू नका.

आबा गेल्या पावसात गेले. 2020 चा एक गराफाव अजून माजघरात आहे, तोंडाला त्यांनीच बांधलेले फडके. तो विकायचा नाही, असे बजावून गेले आहेत.