त्रुव्हिलचा वारा आणि मोनेचे झेंडे

पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये फ्रेंच चित्रकार मोनेचं 'ओतेल दे रोश न्वार, त्रुव्हिल' बघितलं आणि तिथून पाय निघेना. १८७० सालचं चित्र, उंची जेमतेम ८१ सेंमी, पण आत काय लगबग आहे! उन्हात झळकणारं भलंमोठं हॉटेल, समोर छत्र्या घेऊन फिरणाऱ्या बायका, वर झेंडेच झेंडे. त्यातला सगळ्यात पुढचा मोठा झेंडा जवळ जाऊन बघा, नुसते लाल रंगाचे फटकारे आहेत, बाकी काही नाही, पण दोन पावलं मागे आलं की तो असा फडफडतो की आवाज यायचा बाकी राहतो.

ताई म्हणाली, चल, जागाच बघून येऊ. मग काय, दुसऱ्या दिवशी सकाळी पॅरिसच्या सां-लाझार स्टेशनवरून ट्रेन (हे स्टेशनही मोनेने १८७७ मध्ये रंगवलंय, इंजिनांच्या धुरासकट) आणि दोनेक तासांत उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा समुद्र. त्रुव्हिल आणि दोव्हिल दोघांचं स्टेशन एकच, मधून तूक नदी, पूल ओलांडला की त्रुव्हिल. रेल्वे इथे १८६० च्या दशकात आली आणि पॅरिसचे पैसेवाले सुट्टीला इथे यायला लागले, ते चित्रातले लोक हेच.

बीचलगतच्या फळ्यांच्या रस्त्याने चालत गेलो आणि ती बिल्डिंग समोर! आता तिथे फ्लॅट आहेत. पण वारा तोच असणार, ताईची ओढणी गळ्यात टिकेना, बोललेलं ऐकू येईना, आणि तेव्हा मला ते लाल फटकारे खरे कळले, असल्या वाऱ्यात झेंड्याची नीट बाह्यरेषा काढत कोण बसेल, तो एका जागी थांबतच नाही ना! लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या मोनेच्या त्रुव्हिलच्या चित्रात तर रंगात वाळूचे कण सापडलेत, म्हणजे माणूस खरंच वाळूत कॅनव्हास मांडून बसला होता.

आणि १८७० चा तो उन्हाळा कसला, तर २८ जूनला मोनेचं कामीयशी लग्न, १९ जुलैला फ्रान्स-प्रशिया युद्ध सुरू, पुढे मोने थेट इंग्लंडला. चित्रात युद्धाचा मागमूस नाही. मला ते फार लागलं, त्या छत्रीवाल्या बायकांकडे बघताना सारखं तेच मनात येत होतं.

जाणार असाल तर आधी ऑर्से करा, मग त्रुव्हिल. आणि उन्हाळा असला तरी विंडचीटर घ्याच.